रावसाहेबाचं ढिलं टर्मिनल

रावसाहेब गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यावर चिडूनच बसलो होतो. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला सोमवारी येतो म्हणाला होता. सोमवार गेला, मंगळवार गेला, फोन नाही की निरोप नाही. बुधवारी सकाळी नगरला सावेडीतल्या घरात मी बायकोला, विमलला, ऐकवत होतो, "तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळ्या तालुक्यासाठी वेळ आहे, फक्त आपल्यासाठी नाही..." आणि तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. बेलापूरहून शालन, तिची धाकटी बहीण. विमलनं ऐकलं आणि ती तिथंच फरशीवर बसली. दुकानाचं शटर उघडताना रावसाहेबाच्या छातीत कळ आली होती, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला हे सांगितलं तर लोक मला नावं ठेवतील. ठेवोत बापडे. माझ्या मनात आलं, यातही हा माझ्या पुढेच! माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि इथंही आधी नंबर लावला. मग मात्र मी खुर्ची ओढून बसलो.

बेलापूरला पोचलो तर सगळी पेठ बंद. प्रवरेच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. व्यापारी होते, दूध घालणारे होते, दवाखान्यातल्या सिस्टर होत्या, मशिदीतले मौलवी होते, बुद्धविहारातली मंडळी होती. ज्याच्या त्याच्या घरी रावसाहेबानं बसवलेली बॅटरी. विमल रडत होती आणि मी गर्दीचा अंदाज घेत होतो. तेहेतीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं, पोरांच्या पिढ्या हाताखालून गेल्या, तर माझ्या वेळी किती जण येतील? याच्या निम्मे तरी? साडू समोर चितेवर आणि मी हे विचार करतोय, याची लाज वाटली. पण विचार काही थांबला नाही.

रावसाहेब माझा धाकटा साडू. नववी नापास. आधी मोटरी भरायचा, म्हणजे जळालेल्या मोटरीचं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग नव्यानं करायचा, आणि मग लाइटीचं वेळापत्रक जसं बिघडत गेलं तसा इन्व्हर्टर-बॅटरीच्या धंद्यात शिरला. मी बी.एस्सी., बी.एड. आमची लग्नं दोन वर्षांच्या अंतरानं झाली. सासरी पहिला जावई म्हणून माझा थाट होता, पाटावर बसवून हातावर पाणी घालायचे. तो आला आणि संपलंच सगळं. तो थेट स्वयंपाकघरात शिरायचा, सासूबाईंच्या हातातला मिक्सर काढून घेऊन उघडायचा, तोंडानं बडबड चालू. सासूबाई आजतागायत मला "पाव्हनं" म्हणतात. "पाव्हनं, च्या घ्या." "पाव्हनं, पंखा लावू का?" आणि तो "आमचा रावसाहेब". सासरी मी कधी बोललो नाही, पण हे तीस वर्षं सलत होतं. मी विमलजवळ एकदा तक्रार केली तर ती म्हणाली, "अहो, तो घरचं काम करतो. तुम्ही फक्त पेपर वाचता." खोटं नव्हतं ते. म्हणून तर जास्त झोंबलं.

पण खरं सांगायचं तर सासूबाईंचं मी मनावर घेतलं नसतं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते गौरीमुळे. गौरी माझी एकुलती एक मुलगी. नववीत होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला, तासाभरानं लाइट आली आणि हिनं विचारलं, "बाबा, लाइट गेल्यावर बॅटरीतली वीज पंख्याला येते हे समजलं. पण लाइट आल्यावर ती परत बॅटरीत कशी जाते? मशीन तर एकच आहे." काय सुंदर प्रश्न! शिक्षकाच्या आयुष्यात असा प्रश्न वर्षातून एखादा येतो, आणि तो माझ्या घरात, माझ्या पोरीच्या तोंडून आला होता. मी कागद घेतला. रोहित्राची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, आकृती काढली, दोन्ही गुंडाळ्या काढल्या, वेढ्यांचं गुणोत्तर लिहिलं, प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह कसा होतो त्याची लाट काढली. अर्धा तास बोललो. पोरगी मान हलवत होती आणि जांभई गिळत होती, ती मला दिसली. दिसूनही मी बोलत राहिलो.

नेमका तेव्हा रावसाहेब टपकला, शहरात बॅटऱ्या न्यायला आला होता. गौरीनं त्यालाही तेच विचारलं. तो तिला घेऊन इन्व्हर्टरपुढं उकिडवा बसला. "गौरे, हे बघ. लाइट गेली की ह्यो डबा बॅटरीतलं काढतो, वाढवतो आन् घराला देतो. लाइट आली की त्योच डबा उलटा चालतो. लाइनीतलं घेतो, उतरवतो, येका दिशेचं करतो आन् बॅटरीला देतो. आतला ट्रान्सफॉर्मर येकच. जाताना चढ, येताना उतार. पन लाइट आल्या आल्या त्यो इस्वास ठेवत न्हाई बरं का. चार-पाच सेकंद बघतो... खरंच आली का, लई कमी न्हाई ना, लई जास्त न्हाई ना. पटलं तरच टक् करून घेतो." मग तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि विमलचा रिकामा माठ नळाखाली ठेवला. "डोळं मिट आन् कानानं भर. मोकळा हाय तवर नळ पुरा सोड, बॅटरी आधी अशीच हावऱ्यासारखी खाती. आवाज बारीक व्हायला लागला की गळा आला, आता नळ आवळ, न्हाईतर उतू जातंय. भरला? आता बंद न्हाई करायचा. निसता थेंब थेंब सोड. माठ पाझरतो ना, तशी बॅटरी पन बसल्या बसल्या पाझरती. तेवढंच देत राह्यचं. जास्त दिलं की बॅटरीतलं पानी आटतं, म्हनून मला बाटली घिऊन यावं लागतंय." गौरी डोळे मिटून नळ फिरवत होती, खिदळत होती, तिचे परकर-पोलक्यातले फोटो माझ्याकडं आहेत, त्यातला चेहरा अगदी. आणि मी दारात माझा आकृत्यांचा कागद हातात धरून उभा. नंतर मी तिला म्हणालो, की बॅटरीत वीज पाण्यासारखी भरत नसते, ती रासायनिक क्रिया असते, काकांचं उदाहरण शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. ती म्हणाली, "माहितीये बाबा. पण आता समजलं." या वाक्यानं मला किती जाळलं हे मी तिला कधी सांगितलं नाही.

पुढं गौरी इलेक्ट्रिकलची इंजिनीअर झाली. पुण्याला इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जर करणाऱ्या कंपनीत लागली. मुलाखतीहून आली तेव्हा मी पेढे घेऊन तयार होतो. म्हणाली, "त्यांनी विचारलं, बॅटरी टप्प्याटप्प्यानं का भरतात ते सोप्या भाषेत सांगा. मी काकांचा माठ सांगितला. सगळे खूश!" विमल हसली, मीही हसलो. माझा पेढा मी परत खोक्यात ठेवला. तेहेतीस वर्षं शास्त्र शिकवणाऱ्या बापाच्या पोरीनं मुलाखतीत नववी नापास साडूचा माठ सांगावा... माझ्या आकृत्यांची तिला आठवणसुद्धा झाली नव्हती.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी गौरीचा साखरपुडा ठरला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना नगरला आणणं शक्य नव्हतं, म्हणून कार्यक्रम बेलापूरला त्यांच्या मळ्यातल्या घरी करायचं ठरलं. मी ठरवलं होतं, की या दिवशी तरी पोरीला कळायला हवं बाप काय आहे ते. तिचे लहानपणापासूनचे फोटो जमवले, कॉम्प्युटरवर लावले, भाड्यानं पडदा आणला. लाइट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला तर मधल्या क्षणभरात कॉम्प्युटर बंद पडू नये, ही माझी काळजी. इन्व्हर्टर अर्थात रावसाहेबानं बसवलेला. त्याला विचारायला हवं होतं. पण त्याला विचारायचं? मी? मी मशीनसोबत आलेली पुस्तिका शोधून काढली, चष्मा लावून वाचली. मागच्या बाजूला एक बटण होतं. एका बाजूला नॉर्मल, दुसऱ्या बाजूला यूपीएस. कॉम्प्युटर असेल तर यूपीएसवर ठेवा, असं छापलेलं. दुपारी बाराच्या सुमारास, खोलीत कुणी नसताना, मी ते बटण सरकवलं. पुस्तिकेत पुढं आणखी दोन ओळी होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. वर्गात पोरांना मी कायम सांगायचो, प्रश्न शेवटपर्यंत वाचा.

त्या दोन ओळींत असं होतं, की यूपीएसवर ठेवलेलं मशीन फार चोखंदळ होतं. लाइटीचा दाब जरा खाली असला तरी ते ती लाइट घेत नाही. कॉम्प्युटरला अशी लाइट बरी नाही म्हणून ते सरळ बॅटरीवर घर चालवतं, आणि लाइट घेतच नाही म्हटल्यावर बॅटरी भरणार कुठून? शहरात हे चालून जातं. मळ्यात दिवसा सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की दाब इतका उतरतो, की पंखा नुसता फिरल्यासारखा करतो. नॉर्मलवर असतं तर त्या मशीननं तीही लाइट गोड मानून घेतली असती, घरही चाललं असतं आणि थोडं थोडं बॅटरीलाही मिळालं असतं. पण मी त्याला यूपीएसवर ठेवलं होतं. लाइट दिवसभर होती, आणि दुपारी बारापासून सगळं घर, पाहुण्यांसाठी लावलेले सगळे पंखे, बॅटरीवर चालू होते. रावसाहेब पाहुण्यांना आणायला आणि जेवणाच्या व्यवस्थेत गुंतलेला, तो तिकडे फिरकलाच नाही.

संध्याकाळी सहाला मुलाकडची मंडळी बसली, गुरुजींनी सुपारी फोडली, गौरीनं अंगठी घालायला बोट पुढं केलं आणि घर गपकन बंद. पडदा काळा, पंखे बंद, स्पीकर बंद. आणि अंगणातला थेट लाइनीवर असलेला दिवा मात्र मिणमिणत जळत होता. म्हणजे लाइट होती! लाइट असताना इन्व्हर्टर बसला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगू? अंगाचा तिळपापड झाला आणि आत कुठंतरी आनंदाची उकळीही फुटली. सापडला एकदाचा, असं वाटलं. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांपुढं ओरडलो, "रावसाहेब, लाइट असताना तुझं मशीन बंद पडतं? माझ्या मुलीच्या साखरपुड्याला? हे तुझं काम?" व्याह्यांनी माना वळवल्या. सासूबाई म्हणाल्या, "असू द्या, पाव्हनं..." रावसाहेब तडक आतल्या खोलीत गेला. दोन-तीन मिनिटं गेली असतील. आतून टक् आवाज आला, दिवे लागले, पंखे हळूहळू फिरायला लागले. तो कपाळाचा घाम पुसत बाहेर आला आणि हात जोडून व्याह्यांना म्हणाला, "माफ करा पाव्हनं. चूक माझीच. बॅटरीच्या वायरीचं टर्मिनल ढिलं राह्यलं हुतं, ध्यान न्हाई दिलं मी." मग माझ्याजवळ आला, हळूच माझ्या हातात माझा चष्मा ठेवला. "सर, तुमचा चष्मा. मशीनवर राह्यला हुता." बस्स. एवढंच बोलला, आणि मांडवात पाणी द्यायला गेला.

चष्मा हातात आला आणि मला सगळं कळलं. कमी दाबाचं काय होतं, हे शिकवायचोच की मी. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोर गौरी बसली होती, नवी नाती जुळत होती, आणि आपल्या बापानंच घर अंधारात घातलं आणि वर काकांना झापलं, हे तिच्या कानावर जाऊ द्यायचं? तिच्या नजरेतून मी उतरायचो आणि तो आणखी चढायचा. नाही बोललो. साखरपुड्यानंतर नाही बोललो, लग्नात नाही बोललो. उलट कुणी विषय काढला तर म्हणायचो, "टर्मिनल ढिलं होतं, होतं कधी कधी." रावसाहेब समोर असला तर तोही मान हलवायचा. दर तीन महिन्यांनी सावेडीला यायचा, बॅटरीत पाणी टाकायचा, चहा प्यायचा, जायचा. मला वाटायचं, एकदा तरी टोमणा मारेल, एकदा तरी तोंड वेंगाडून हसेल, म्हणजे फिटंफाट झाली. त्यानं तेवढंही सुख दिलं नाही. मोठेपणासुद्धा यानंच घ्यायचा का, असं वाटून मी आणखी जळायचो.

दहाव्याला नदीकाठी प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. आमच्या भागात ती होतातच. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, आणि मग माईक माझ्याकडं आला... थोरले साडू, त्यातून मास्तर. पहिल्या रांगेत शालनच्या शेजारी गौरी बसली होती. मी ठरवून गेलो होतो की सांगायचं. शपथ घेऊन सांगतो, ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "रावसाहेबाचा मोठा गुण म्हणजे स्वतःची चूक चारचौघांत कबूल करण्याचा. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्याच्याकडून टर्मिनल ढिलं राहिलं होतं, पण त्यानं हात जोडून..." लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी डोळे पुसले. मी खाली आलो तेव्हा चेअरमन कानाशी म्हणाले, "फार छान बोललात सर." मेलेल्या माणसाच्या माथ्यावर मी माझी चूक दुसऱ्यांदा मारली होती, आणि तीही कौतुकाच्या नावाखाली.

विमल बहिणीजवळ राहिली, जावई सकाळीच पुण्याला परतले होते, त्यामुळं सावेडीला सोडायला गाडीत गौरी आणि मी दोघंच. ती गाडी चालवत होती. राहुरी मागं पडली. मग ती समोर बघतच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी काकांना मोबाईलचा टॉर्च मी धरला होता."

मी खिडकीची काच खाली केली.

"अंधारात मी त्यांच्या मागोमाग आत गेले होते. बटण पाहिलं. पुस्तिका आणि तुमचा चष्मा पाहिला. मी म्हणाले, काका, बाहेर जाऊन खरं सांगूया, तुम्ही का ऐकून घेता? तर म्हणाले, आज न्हाई गौरे. आज पाव्हन्यांपुढं सरांची मान खाली नको. सर सांगतील आपलं आपन, तू निसती थांब." तिनं गिअर बदलला. "चार वर्षं थांबले बाबा. आज तुम्ही माईक हातात घेतला तेव्हा वाटलं, आता सांगतील."

ज्या नजरेतून उतरू नये म्हणून मी चार वर्षं खोटं जपलं, त्या नजरेसमोर मी पहिल्या मिनिटापासून उघडा होतो. ती माझ्याशी हसत होती, फोन करत होती, वाढदिवसाला शर्ट पाठवत होती, आणि वाट बघत होती. आणि तेही रावसाहेबाच्या सांगण्यावरून. माझ्या मुलीनं माझ्यावर भरवसा ठेवावा, हेसुद्धा तिला त्यानं शिकवावं लागलं.

गेल्या आठवड्यात बेलापूरला गेलो. सासूबाई आणि शालन मळ्यातल्या घरी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बटण, पुस्तिका, चष्मा, सगळं. शालन शेंगा फोडत राहिली, तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी म्हणालो, "शालन, मला माफ कर." ती म्हणाली, "दाजी, हे मला यांनी कधीच सांगितलं न्हाई हो." बायकोलासुद्धा नाही! सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "बघा, कसा हुता आमचा रावसाहेब. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घिऊन बसला, पन बोलला न्हाई." धाडस करून कबुली मी दिली आणि कौतुक त्याचं झालं. मी आतल्या खोलीत गेलो, गुडघे टेकून मशीनच्या मागं वाकून बघितलं. बटण नॉर्मलवर होतं, आणि त्याच्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा नीट दाबून बसवलेला. कडा धुळीनं पांढऱ्या झालेल्या, मधोमध त्याच्या अंगठ्याचा ठसा. पुन्हा कुणाकडून सरकू नये म्हणून. 'कुणाकडून' म्हणजे माझ्याकडूनच. मी त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि तशीच राहू दिली.

संध्याकाळी गौरीला फोन केला. म्हटलं, मावशीला सांगितलं, आजीला सांगितलं, आणि आता लिहून पेपरच्या पुरवणीला देतोय, तुझ्या सासरचेही वाचतील. ती म्हणाली, "काकांना फार बरं वाटलं असतं, बाबा." म्हणजे याही वेळी आधी काका. मला वाटलं होतं, आज तरी ती माझ्याबद्दल काही बोलेल. मला तिचा राग आला नाही आणि त्याचाही आला नाही, असं लिहून हा लेख संपवणार होतो. पण एवढं सगळं खरं सांगितल्यावर शेवटी खोटं कशाला लिहू... आला. थोडासा आला.